आबांची बाबागाडी

मी बाबागाडी बोलतेय. जिन्याखाली, बंद पडलेल्या पंख्याच्या आणि रंगाच्या रिकाम्या डब्यांच्या मागे बरीच वर्षं उभी होते, तीच मी. आज सकाळी मला बाहेर काढलं, ओल्या फडक्याने पुसलं, चाकांना तेल घातलं. इतकी सेवा झाली की मनात पाल चुकचुकतेच. भंगारात देणार असतील तर देवोत बापडे, पण जायच्या आधी मला एक सांगून जायचंय. ऐकणारं कोणी मिळालं की मी सोडत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

हल्लीच्या गाड्या बघितल्या की मला हसू येतं. एका हाताने मिटतात काय, खांद्याला अडकवतात काय. मी तसली नाही. मी लोखंडी नळ्यांची, जाड कापडाची, चांगली वजनदार. मला मिटायला अंगातला सगळा जोर लागायचा आणि मिटणाऱ्याचं बोट चिमटायचंच.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. एका टोकाकडून नळ्या आत यायच्या आणि दुसऱ्या टोकाकडून गाड्या बाहेर पडायच्या. त्या शेवटच्या टोकाला एक बाई बसायची. प्रत्येक नव्या गाडीत ती वाळूची पिशवी ठेवायची आणि ढकलून बघायची. नवीन लागलेल्या पोरींना ती शिकवायची, "रिकामी गाडी ढकलून काही कळत नाही. आत वजन असलं की मगच ती सरळ चालते." माझ्यात बसलेलं पहिलं बाळ म्हणजे ती वाळूची पिशवी. रडत नव्हती, ओलं करत नव्हती, फार गुणी होती.

मग मी दुकानात आले आणि तिथे मला आबा भेटले.

आबा बसमध्ये कंडक्टर होते. नुकतेच निवृत्त झाले होते आणि लेकीच्या घरी राहायला आले होते. आजी आधीच गेलेल्या. लेकीला दिवस गेले होते आणि होणाऱ्या नातवंडासाठी गाडी घ्यायचा मान आपला, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. दुकानदार बिचारा छत कसं उघडतं, पट्टा कसा लागतो ते दाखवत होता. आबांचं लक्षच नव्हतं. त्यांनी माझा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि त्याच्यावर अंगाचा भार टाकून बघितला. बसमधला वरचा दांडा धरून ज्याचा जन्म गेला, तो माणूस दुसरं काय बघणार.

"अहो काका, बाळ आत बसणार आहे," दुकानदार म्हणाला, "तुम्हाला लटकायचं नाहीये."

"सांगता येत नाही," आबा म्हणाले आणि त्यांनी मला घेतलं.

घरी भिंगरी आली. कागदोपत्री तिचं नाव वेगळं आहे, पण एका जागी बसेल तर शपथ, म्हणून आबांनी तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली आणि तेच टिकलं. भिंगरीची आई औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असायची. बाबा कुरिअर कंपनीच्या गोदामात, पार्सलांची वजनं करणारे. दिवसभर भिंगरी, आबा आणि मी. मी तिला झोपवलं, भरवताना धरून ठेवलं, तिच्या लाळेने माझा पट्टा कडक झाला. रस्त्याला उतार लागला की आबा म्हणायचे, "घट्ट धरा, पुढे सरका," आणि ती खिदळायची.

आता जी गोष्ट सांगते ती घरात कोणालाच ठाऊक नव्हती, कारण ती फक्त मलाच कळण्यासारखी होती. गाडीला दोन वजनं असतात. एक आत बसलेल्याचं आणि एक दांड्यावरच्या हातांचं. सुरुवातीला आबांचे हात म्हणजे नुसते हात होते. भिंगरी तीन वर्षांची होईपर्यंत त्या हातांबरोबर खांदे आले, मग पाठ आली. जन्मभर उभ्याने काम केलेल्या माणसाचे गुडघे शेवटी हिशेब मागतातच. आबा मला ढकलत नव्हते, माझ्या आधाराने चालत होते.

लेकीने एकदा काठी आणून दिली होती. आबांनी ती कपाटाच्या वर टाकली आणि म्हणाले, "पडदे अडकले तर काढायला होईल." त्यावर बोलायची कोणाची टाप नव्हती.

आणि नेमकं तेव्हाच भिंगरीने माझ्यात बसायचं सोडलं. चार वर्षांची झाली आणि एक दिवस कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मी काय बाळ आहे?" झालं. तेव्हापासून संध्याकाळी फिरायला निघालो की मी रिकामी, मागे आबा आणि बाजूने माझी नळी धरून भिंगरी उड्या मारत चाललेली. शेजारच्या बाई विचारायच्या, "आबा, पोरगी चालतेय की, मग गाडी कशाला?" आबा म्हणायचे, "दमली की बसेल." ती कधीच दमायची नाही. दमायचे आबा.

अशात घरात थीम पार्कला जायचं निघालं.

तुम्ही कधी अशी सहल ठरताना बघितलीय का? मी बघितलीय, दाराजवळच्या माझ्या जागेवरून, रोज रात्रीच्या जेवणानंतर. पार्कचा नकाशा जमिनीवर पसरलेला आणि चारही जण त्याच्याभोवती पालथे पडलेले. आईची काळजी निराळी. टोपी, बदलायचे कपडे, उलटीचं औषध, उन्हात लावायचं मलम, आणि कुठल्या खेळात चार वर्षांच्या मुलीला घेतात, कुठल्यात नाही. बाबांचं एकच, सामान कमी करा. ते प्रत्येक पिशवी हातात उचलून तोलायचे आणि तोंड वाकडं करायचे.

"हे काय आहे एवढं जड?"

"केळी."

"एवढी? माकडं बघायला चाललोय का आपण?"

भिंगरीला नकाशाशी देणंघेणं नव्हतं. तिला एवढंच कळायला हवं होतं की गोल फिरणारे घोडे रात्री झोपतात कुठे. बाबांनी तिला रांगेत उभं राहायची सवय व्हावी म्हणून न्हाणीघराच्या दाराशी रांग लावायला शिकवलं. ती आपल्या बाहुलीच्या मागे उभी राहायची आणि दोघींचा नंबर लागेपर्यंत बाबांना आत जाऊ द्यायची नाही.

आणि आबा. त्यांनी त्या सहलीची पार बसफेरी करून टाकली. पेन्सिल घेऊन नकाशावर थांबे ठरवले. "गेटमधून आत आलं की इथे पहिला थांबा, पोरीला पाणी. मग घोडे. मग हा बाक दिसतोय ना, इथे दुसरा थांबा, पोरीला केळं. इथे सावली आहे, इथे पोरगी बसेल."

"आबा, अशाने दिवस बसण्यातच जाईल," बाबा म्हणाले.

"लहान लेकरू आहे, जावईबापू. दमतं."

लहान लेकरू तेव्हा सोफ्यावरून गादीवर आणि गादीवरून परत सोफ्यावर उड्या मारत होतं. मी सगळं ऐकत होते. ते बाक कोणासाठी होते ते एक मला आणि एक आबांना माहीत होतं. निदान मला तरी तसं वाटत होतं.

बाबांनी टॅक्सीचं काढलं तेव्हा मात्र आबा सरळ उठून बसले. म्हणाले, "टॅक्सी कशाला? माझी बस आहे की."

ती खरंच त्यांची बस होती. आबांच्या फेरीचा शेवटचा स्टॉप म्हणजेच त्या पार्कचं गेट. तिथल्या बागेचं पार्क व्हायच्या आधीपासून ती फेरी त्यांच्याकडे होती. दर सुट्टीला दुसऱ्यांच्या लेकरांनी भरलेली बस त्यांनी त्या गेटाशी रिकामी केली. "शेवटचा स्टॉप, उतरा, सावकाश," असं ओरडून सगळ्यांना उतरवायचं, दारात उभं राहून घंटी मारायची आणि रिकामी बस घेऊन मागच्या डेपोत जायचं. नोकरी संपली, पण त्या गेटाच्या आत त्यांनी पाऊल ठेवलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशीच तर गर्दी, आणि गर्दीच्या दिवशी कंडक्टरला सुट्टी कुठली.

भिंगरीच्या आईने त्या दिवशी नकाशावरचं बोट काढलंच नाही. म्हणाली, "मला आठवतंय. मी पुढच्या सीटवर बसून यायचे तुमच्याबरोबर. शेवटच्या स्टॉपवर खिडकीतून आकाशपाळणा दिसायचा. वरचे दोन-तीन पाळणे तेवढे, भिंतीच्या वर. मग तुम्ही घंटी मारायचात आणि आपण परत."

"तू कधी हट्ट केला नाहीस," आबा म्हणाले.

"तुम्ही ड्युटीवर होतात ना."

मग आबांनी पेन्सिल घेतली आणि आकाशपाळण्याभोवती जाड गोल काढला. म्हणाले, "हा शेवटचा थांबा. इथे तिघं बसायचं. मी, तू आणि ही."

तेव्हापासून मला एकच घोर लागला. हा माणूस त्या पाळण्यापर्यंत पोचला पाहिजे.

तीन दिवस राहिले आणि बाबा नवी गाडी घेऊन आले. हलकी, निळी, पिसासारखी. बिचाऱ्यांनी चांगल्या मनानेच आणली होती. "आबा, तो जुना लोखंडी खटारा कोण बसमध्ये चढवणार? ही बघा, एका बोटावर उचलली जाते." मला खटारा म्हणाले याचा मला राग आला, पण तो नंतरचा. त्या वेळी मला फक्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी आई-बाबा कामावर गेल्यावर आबांनी नवी गाडी बाहेरच्या ओसरीत नेली. दांडा धरला, जसा माझा दुकानात धरला होता, आणि भार टाकला. नवीचं पुढचं चाक टुणकन वर उचललं गेलं आणि ती मागे कलंडली. तिच्याबरोबर आबाही. भिंत होती म्हणून वाचले. खांदा आपटला, चष्मा नाकावरून घसरला. भिंगरी दारात उभी राहून बघत होती.

"काही नाही गं," आबा म्हणाले. "गाडी वेडी आहे."

तिने जवळ येऊन त्यांचं कोपर धरलं आणि दोघं पायरीवर बसून राहिले. आबा बराच वेळ रस्त्याकडे बघत होते.

संध्याकाळी त्यांनी सांगून टाकलं, "तुम्ही तिघं जाऊन या. मी घरी थांबतो. घराला कोणीतरी पाहिजे ना." लेकीने विचार विचार विचारलं. त्यांनी ऊन सांगितलं, गर्दी सांगितली, बघितलंय मी सगळं बाहेरून, असंही सांगितलं. मुख्य ते सोडून सगळं सांगितलं. ती स्वयंपाकघरात जाऊन नळ उगाच सोडून उभी राहिली. मला ते दारातून दिसत होतं. लहानपणी हट्ट न केलेल्या माणसाला मोठेपणी तो करता येत नाही. मला बोलता येत असतं ना, तर त्या दिवशी मी ओरडून घर डोक्यावर घेतलं असतं.

ते काम भिंगरीने केलं.

सकाळी उठून दात न घासता ती माझ्यात येऊन बसली. स्वतःच पट्टा लावला. म्हणाली, "मला हीच गाडी पाहिजे. नाहीतर मी येणार नाही. आणि आबांनीच ढकलायची."

"तू तर मोठी झालीस ना?" बाबांनी विचारलं.

"नाही झाले."

बाबांनी नवी गाडी दाखवली, तिचा निळा रंग दाखवला, बाटली ठेवायची जाळी दाखवली. ती ढिम्म. दूध माझ्यातच प्यायली, बिस्किटं माझ्यातच खाल्ली, कपडे घालायलासुद्धा उतरेना. माझी आणि तिची केव्हापासूनची ओळख, पण इतकी घट्ट ती मला बाळपणीही कधी चिकटली नव्हती. शेवटी आई वैतागून म्हणाली, "घ्या हो ती जुनी. आणि आबा, आता तुम्हाला यावंच लागेल. हिला दुसरं कोणी ढकललेलं चालत नाही."

आबांनी भिंगरीकडे बघितलं. तिने त्यांच्याकडे बघितलंच नाही, ती बिस्किटाचा चुरा गोळा करत होती. "बरं," आबा म्हणाले, "आता पोरीचंच असं म्हणणं असेल तर."

जायचा दिवस उजाडला. आबांनी पांढरा शर्ट घातला, केसांना पाणी लावलं. स्टॉपवर बस आली, बाबांनी मला मिटून दाराशी उभी केली आणि ठरल्याप्रमाणे स्वतःचं बोट चिमटून घेतलं. आबांना सीट मिळाली, पण बसतील तर ते आबा कसले. माझ्यावर हात ठेवून दाराजवळच्या दांड्याला धरून उभे राहिले. बसमध्ये चढल्याबरोबर त्यांची पाठ ताठ झाली होती. तिथल्या पोरसवदा कंडक्टरला त्यांनी दोनदा रस्त्यातला खड्डा आधीच सांगितला.

आणि मग जे झालं ते आबांच्याच हातून होऊ शकतं.

शेवटचा स्टॉप आला. बस थांबली आणि आबांचं तोंड आपोआप उघडलं. "शेवटचा स्टॉप, उतरा. सावकाश. लेकरांना आधी उतरवा." लोक उतरू लागले. आबांनी एका बाईंची पिशवी खाली दिली, एका आजींचा हात धरला, भिंगरीला उचलून बाबांच्या हातात दिलं, आईला वाट करून दिली. सगळी बस रिकामी झाली. आबांनी एकदा मागेपर्यंत नजर टाकली, कोणाचं काही राहिलं नाही ना बघितलं, आणि हात वर करून घंटी मारली.

बस निघाली.

मी दारात उभी होते, मला सगळं दिसत होतं. खाली बाबा दोन्ही हात हलवत होते, आई तोंड उघडून बघत होती, भिंगरी टाळ्या वाजवत होती. आबा त्यांच्याकडे बघून हसले, हात हलवला, आणि वळणावर बस वळल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं.

"अरे देवा," ते म्हणाले, "मला उतरायचं होतं."

बस डेपोत शिरली. कंडक्टर पोरगा हसून हसून खाली बसायचा बाकी होता. म्हणाला, "आबा, बसा, पुढच्या फेरीला सोडतो." आबा कसले ऐकतात. "लेक वाट बघतेय," म्हणाले आणि मला घेऊन उतरले. त्या पोराने खाली येऊन मला उघडून दिलं.

डेपोपासून गेटापर्यंत पार्कची लांबच लांब भिंत आहे. सावली नाही, बसायला दगड नाही, आणि एकाही थांब्याची आबांनी तिथे पेन्सिलने खूण केलेली नव्हती. त्यांनी माझ्यावर भार टाकला. तो आजवर कधी टाकला नव्हता इतका होता. बसमध्ये उभं राहायची मिजास गुडघ्यांनी वसूल केली होती. मी जड खरी, पण रिकामी होते. माझी पुढची चाकं उचलायला लागली.

डेपोच्या दाराशी भिंतीचं काम चाललं होतं. आबा थांबले आणि तिथल्या वॉचमनला म्हणाले, "भाऊ, दोन विटा टाका हो यात. पायाकडे."

वॉचमनने गाडीत बघितलं, मग आबांकडे बघितलं. "बाळाच्या गाडीत?"

"बाळ पुढे गेलंय."

त्याने विटा टाकल्या. काय समजला देव जाणे. पण माझी चाकं जमिनीला टेकली आणि मी सरळ चालायला लागले. त्या शेडमधल्या बाईची मला फार आठवण झाली.

रस्त्यात एक बाई भेटल्या. म्हाताऱ्या माणसाला बाबागाडी ढकलताना बघून त्यांचा चेहरा लोण्यासारखा झाला. "अगं बाई, कसं गुपचूप झोपलंय, बघू तरी," असं म्हणत त्या वाकल्या आणि विटा बघून तशाच मागे सरकल्या. आबा म्हणाले, "वडिलांवर गेलंय." त्या भराभर निघून गेल्या. आबा हसले आणि माझ्यावर आणखी वाकून पुढे निघाले.

कोपऱ्यावरून भिंगरीची आई पळत आली. मागे भिंगरीला कडेवर घेतलेले बाबा. आम्हाला बघितलं आणि ती पळता पळता थांबली. पळताना माणसाला जे दिसत नाही ते थांबल्यावर दिसतं. वाकलेले आबा दिसले, दांड्यावर कोपरापर्यंत टेकलेले हात दिसले, घामाने भिजलेला पांढरा शर्ट दिसला. ती जवळ आली आणि तिला विटा दिसल्या.

"या कशाला आणल्यात, आबा?"

"बांधकाम काढायचंय."

कोणी हसलं नाही. आबांनी मान फिरवली. तेव्हा बाबांच्या कडेवरून भिंगरी म्हणाली, "त्या काढल्या तर दुसरं जड ठेव, आई. पायाकडे ठेव. नाहीतर आबा मागे पडतात."

म्हणजे तिला माहीत होतं. चार वर्षांची पोर, माझ्यात बसून दूध प्यायली, पण एका शब्दाने बोलली नव्हती.

आईचे डोळे भरून आले ते मला दिसलं, कारण ती माझ्यावरच वाकली होती. पण तिने गुडघ्यांचं नाव काढलं नाही, काठीचं काढलं नाही, आधी का नाही सांगितलंत असंही विचारलं नाही. दोन्ही विटा उचलून तिने भिंतीशी नीट ठेवल्या. खांद्यावरची पिशवी उतरवली आणि पाण्याच्या भरलेल्या बाटल्या माझ्या पायाकडच्या फळीवर एकेक करून लावल्या. त्यांच्यावर केळी ठेवली. मग बाबा पुढे आले. सामान कमी करा म्हणून ज्यांनी घर हैराण केलं होतं, त्यांनी पाठीवरची सगळ्यात जड सॅक काढून माझ्यात ठेवली आणि म्हणाले, "आबा, एवढं तुम्ही घेता का? माझी पाठ गेली."

"आण इकडे," आबा म्हणाले. "तुम्हा पोरांना दम नाही."

आणि आम्ही गेटातून आत गेलो. आईने एका बाजूने माझी नळी धरली होती, भिंगरीने दुसऱ्या. प्रत्येक बाकापाशी आई स्वतःच म्हणायची, "थांबू या का? माझे पाय दुखले." बाबांचेही दुखायचे. भिंगरीचेही दुखायला लागले. इतक्या दुखऱ्या पायांचं कुटुंब त्या पार्कने बघितलं नसेल.

आकाशपाळण्यात मला घेत नाहीत. मी आणि बाबा खाली उभे होतो. तिघांचा पाळणा वर जाताना मी बघत राहिले, पार ठिपका होईपर्यंत. वर काय झालं ते मला भिंगरीने नंतर सांगितलं. अगदी वर गेल्यावर पाळणा थांबला आणि भिंतीच्या पलीकडे स्टॉपवर उभी असलेली बस दिसली. आबा म्हणाले, "केवढीशी दिसते गं." आई म्हणाली, "खिडकीत कोणी दिसतंय का बघा." मग दोघंही रडली, असं भिंगरीचं म्हणणं. तिला त्याचं काही कळलं नाही, तिने आपलं केळं खाल्लं.

पुढे किती वर्षं आबांनी मला ढकललं. भाजी आणली, भिंगरीचं दप्तर आणलं, रद्दी पोचवली. मी कधी रिकामी नसायचे, घरातलं कोणी ना कोणी माझ्यात काहीतरी जड ठेवायचंच. नव्या निळ्या गाडीत बाहुल्या बसायच्या. मग एका सकाळी आबा उठले नाहीत. त्या दिवशी माझ्यात ठेवलेल्या पाण्याच्या बाटल्या आठवडाभर तशाच होत्या. नंतर आईने त्या काढल्या, मला मिटलं, बोट चिमटलं तरी हूं की चूं केलं नाही, आणि जिन्याखाली ठेवलं. मला त्या हातांची फार आठवण येते. अजून येते.

भिंगरी आता नोकरी करते. बाबांचे केस पांढरे झाले. आई अजून त्याच औषधांच्या दुकानात, त्याच काउंटरवर, उभी. अलीकडे जिना उतरताना तिचं पाऊल मला वरून ऐकू यायचं. एक पायरी, थांबा, मग दुसरी. मला ती चाल ओळखीची होती.

आज सकाळी तिनेच मला बाहेर काढलं. भिंगरी दारात उभी होती. आई माझं चाक पुसत म्हणाली, "काही नाही गं, बाजारात जाऊन येते. भाजी फार होते हल्ली, हातात पेलवत नाही."

भिंगरीने कपाटावरची काठी आणली नाही. आत गेली, दोन मोठ्या बाटल्या काठोकाठ भरून आणल्या आणि माझ्या पायाकडच्या फळीवर ठेवल्या. म्हणाली, "वाटेत तहान लागली तर असू दे." आईने तिच्याकडे बघितलं. ती बाटल्यांची झाकणं घट्ट करत बसली होती.

म्हणजे भंगार नाही. मला कामावर घेतलंय.

आता तुम्हाला एकच मागते. रस्त्यात कुठे एखादं माणूस रिकामी बाबागाडी ढकलताना दिसलं, तर आत वाकून बघू नका. बाळ कुठे आहे म्हणून विचारू नका. त्यांना जरा वाट द्या, आणि तुमच्या हातात काही जड असेल तर म्हणा, एवढं तुमच्या गाडीत ठेवू का.

चला, आईने दांडा धरलाय. आज नुसते हात नाहीत, खांदेही आलेत. मला निघायला हवं.